चार वाट्यांची खोली

साम्राज्य लयाला जाऊन शतके लोटली होती. त्याच्या सरहद्दीवरच्या या चौकीत मात्र संशोधक बाईंचा जीव मातीच्या चार वाट्यांत अडकला होता. एका खोलीच्या जमिनीत, आयताच्या चार कोपऱ्यांवर त्या बसवलेल्या होत्या. अहवालात बाईंनी त्यांना ‘पूजापात्रे’ म्हटले होते. दुपारी समिती येणार होती. तिला पटले तर पुढल्या वर्षीही उत्खनन. नाहीतर बाईंचा हा पहिला स्वतंत्र खड्डा बुजणार होता.

माती चाळणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून वाट्या न्याहाळत होत्या.

“बाई, रागावू नका, पण तुमचा देव मुंग्यांना भारीच भीत होता.”

“म्हणजे?”

“अहो, खाण्याचं कपाट होतं इथं. चार पाय चार वाट्यांत, वाट्यांत पाणी. मुंगी काय पोहत जाणार आहे? घरी चला, माझं दाखवते.”

बाईंनी भिंग लावले. प्रत्येक वाटीत पाण्याच्या क्षाराचे कडे होते आणि तळाशी पायाएवढा चौकोन कोराच राहिला होता. वाट्या सापडल्यापासून तीन आठवडे हे डोळ्यांसमोर होते! क्षणभर मनात आले, समितीला कुठे कळणार आहे? मग त्यांनी पेन काढले आणि ‘पूजापात्रे’वर रेघ मारली.

“थोडक्यात, तीन महिने खणून उरलंसुरलं ठेवायचं कपाट मिळालं,” दुपारी समितीचे अध्यक्ष म्हणाले.

“राजवाडे आपल्याकडे ढीगभर आहेत, सर. घर एकही नाही.” बाईंनी चाळणीकडे हात केला. “हे कपाट त्या मावशींनी ओळखलं. नुसते शिपाई असते तर उरलेला घास कुणी एवढा जपला असता का? इथं संसार असावा. शेजारची खोली उघडू द्या.”

अध्यक्ष उकिडवे बसले. वाटीच्या काठावरून त्यांनी बोट फिरवले.

“एक वर्ष. तेवढी खोलीच. आणि हे कुणामुळे कळलं तेही लिहा.”

ते आधीच लिहिले होते. बाई चाळणीपाशी गेल्या आणि अहवालाची शेवटची ओळ वाचू लागल्या. कपाटाची ओळख पटवल्याबद्दल तीत मावशींचे ऋण मानले होते, पूर्ण नावानिशी.

मावशींनी पदराला हात पुसले.

“परत वाचा. जरा मोठ्यानं. पलीकडच्या खड्ड्यात माझी जाऊ आहे.”