गळ्यातली कोरडी पिशवी

रायभानचं ऐकणं एका दिवसात गेलं नाही. आधी पाखरांचे आवाज गेले, मग फोनवरचं बोलणं, आणि शेवटी पाठीमागून आलेली हाक. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. कळपात कुठलं कोकरू ओरडतंय हे त्याला न पाहता कळायचं. ते कळेनासं झालं तेव्हा तो कुणाला काही बोलला नाही. सुगंधाबाईला, त्याच्या बायकोला, न सांगता समजलं. ती समोर येऊन बोलायला लागली, आणि मागून यायची वेळ आली तर आधी खांद्याला हात लावायची.

त्यांचं गाव परतूर तालुक्यात, दुधनेच्या काठाला. धरणाच्या पाण्याचा फुगवटा गावाच्या खालपर्यंत येतो. मुलगा ओमप्रकाश जालन्याच्या कारखान्यात कामाला होता आणि बदनापूरला राहायचा. सून वर्षाराणी मोठी धीराची. तिनंच सासऱ्याला जालन्याला नेलं, तपासणी करून घेतली आणि कानाची मशीन बसवून आणली. पण पहिल्याच पावसाळ्यात रायभान ती कानात ठेवूनच रानात भिजला आणि मशीन बंद पडली. दुकानदारानं सांगितलं, आत पाणी गेलंय, आता ही दुरुस्त व्हायची नाही.

दुसरी मशीन आणली तेव्हा वर्षाराणीनं सोबत एक पिशवी आणली. मोटारसायकलवाले पावसात मोबाईल ठेवून गळ्यात अडकवतात तसली, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकची, तोंडाशी घडी घालून चाप लावायचा. तिनं पिशवीत कागदाचा तुकडा घातला, चाप लावला आणि बादलीत बुडवून दाखवली. कागद कोरडाच निघाला. चाप कसा लावायचा ते तिनं सासऱ्याला शिकवलं नाही, सासूला शिकवलं. मामंजी विसरतील हे तिला ठाऊक होतं.

तेव्हापासून तो कायदा सुगंधाबाईचा. अंघोळ असो, मेंढरं पाण्यावर न्यायची असोत की नुसतं आभाळ आलेलं असो, ती त्याच्यासमोर तळहात धरायची. तो मशीन काढून द्यायचा, ती पिशवीत घालून चाप दोनदा दाबायची आणि दोरी त्याच्या गळ्यात घालायची. रायभान कुरकुर करायचा, पण खरं सांगायचं तर मशीन निघाली की त्याला बरं वाटायचं. त्या मशीनीत भांडं पडलं तरी डोक्यात घण घातल्यासारखं व्हायचं, वारा तर नुसता घोंगावायचा. मशीन पिशवीत गेली की सगळं शांत. हे त्यानं बायकोला कधी सांगितलं नव्हतं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. लोकर कातरणारे पुढच्या आठवड्यात यायचे होते, त्याआधी मेंढरं धुवायला हवी होती. दरवर्षी या कामाला भावकीतली पाच-सहा माणसं असायची. यंदा ती सगळी ऊसतोडीला गेली होती. सुगंधाबाई म्हणाली, साठ तर मेंढरं, दोघं मिळून करू. ऊन वर आल्यावर ते कळप घेऊन फुगवट्याच्या काठाला आले. तिनं नेहमीसारखा तळहात पुढं केला. त्यानं मशीन दिली. तिनं चाप दाबला, परत एकदा दाबून पाहिला आणि पिशवी त्याच्या गळ्यात घातली.

काम असं होतं. सुगंधाबाई मांडीभर पाण्यात उभी राहून मेंढरं आत घ्यायची, खोलाकडं जाऊ लागली की वळवायची आणि एकेक करून रायभानकडं ढकलायची. रायभान काठाकडं तोंड करून उभा. तो मेंढरू धरून पाठ, पोट चोळायचा आणि काठावर सोडून द्यायचा. पाणी गार होतं, हात कामाला लागले होते, कानात काही नव्हतं. त्याला आठवतं, त्या वेळी तो चांगल्या मनानं काम करत होता.

उन्हाळ्यात पाणी मागं गेलं तेव्हा तिथला गाळ शेतात टाकायला जेसीबीनं उपसून नेला होता. खड्डे तसेच राहिले होते, आणि आता त्यांच्यावर पाणी चढलं होतं. एक कोकरू त्या बाजूला वाहवत गेलं. सुगंधाबाई त्याच्यामागं दोन पावलं गेली, आणि तिसऱ्या पावलाला तिच्या पायाखाली काही नव्हतं.

रायभाननं त्यानंतर चार मेंढरं धुतली. मेंढरं आपणहून त्याच्याजवळ आली होती.

पाठ ताणायला तो मागं वळला तेव्हा त्याला पलीकडच्या काठावर तातेराव दिसला. तातेराव पलीकडच्या गावचा शेतकरी, मोटार चालू करायला रोज पाण्यावर यायचा. तो डोक्यावरचा पटका सोडून जोरजोरात हलवत होता. रायभानला वाटलं, रामराम करतोय. त्यानंही हात वर करून हलवला आणि पुढचं मेंढरू धरायला नजर खाली घेतली. तेव्हा त्याला दिसलं की पाण्यात मेंढरं आहेत आणि सुगंधाबाई नाही.

तातेराव तोवर पाण्यात उतरला होता. मासे धरणारी दोन माणसं होडी घेऊन आली. तिला वर काढायला तास लागला. रायभान छातीइतक्या पाण्यात हातांनी चाचपडत होता, त्याला दोघांनी धरून काठावर आणलं. तिथं त्याच्यासमोर माणसांची तोंडं हलत होती. गावचे पोलीस पाटील त्याला काहीतरी विचारत होते. त्याला काही कळेना, तेव्हा कुणीतरी त्याच्या गळ्यातली पिशवी उघडली आणि मशीन त्याच्या हातावर ठेवली. ती अगदी कोरडी होती. त्यानं कानात घातली. एकदम मेंढरांचा गलका आला, बायांचं रडणं आलं, आणि मागं कुणीतरी कुणाला सांगत होतं ते आलं: "सारखी हाका मारून राह्यल्ती म्हणं."

त्यानं मशीन काढली आणि तेराव्यापर्यंत पुन्हा घातली नाही.

ओमप्रकाश आणि वर्षाराणी येऊन राहिले. वर्षाराणी कामं करायची, पण सासऱ्याच्या नजरेला नजर देत नव्हती. एकदा चुलीपाशी ती नवऱ्याला काही सांगत होती आणि पदरानं तोंड दाबत होती. ऐकू येत नसलं तरी रायभानला समजलं. ती पिशवीचंच बोलत होती. ओमप्रकाश मान खाली घालून बसला होता. रायभानला वाटलं उठावं, तिला म्हणावं, तुझा काय दोष पोरी. पण ते म्हणायचं तर ती काय उत्तर देईल ते ऐकावं लागलं असतं. तो बसून राहिला.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मशीन कानात घातली आणि कुणाला न सांगता निघाला. फुगवट्याला वळसा घालून, पुलावरून पलीकडच्या गावात जायला त्याला दुपार झाली. तातेराव ओट्यावर बसला होता. त्याला पाहून तो उठला, आत चहा सांगितला, आणि यंदाच्या कापसाचं, पाण्याचं बोलत राहिला. रायभाननं चहा पिऊन कप खाली ठेवला.

"तातेराव, ती काय म्हणत होती?"

तातेरावनं रिकामा कप उचलून बाजूला सरकवला.

"आता ते कशाला इचारता रायभानभाऊ."

"सगळ्या गावाला ठावं हाय ती वरडत होती. मला एकट्याला ठावं न्हाई."

तातेरावनं पटका काढून मांडीवर ठेवला. म्हणाला, "आधी तुमालाच हाका मारल्या. अवं, अवं, म्हणून. मंग तिच्या ध्यानात आलं आसंल. तिनं मला पाह्यलं आन् म्हणली, त्याह्यला हाक मारा, त्याह्यला ऐकू येत न्हाई."

"मंग?"

"मी मारली ना. गळा फाटस्तोवर मारली." तातेरावनं पाण्याकडं हात केला. "तिचा आवाज तुमच्यापत्तुर येत नसंल म्हणलं. तुमी मशीन काढलीय, मला काय ठावं? पटका हलवला तर तुमी हात केला. मला वाटलं, तुमी पाह्यलं. मी थांबलो भाऊ. आता हा जवळ हाय, हा धरतोय, म्हणून मी थांबलो. पोहता मला येत होतं."

मशीनीमुळं रायभानला तातेरावचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. त्याला दोष द्यावा असं रायभानच्या मनात एकदा येऊन गेलं, पण त्याला पाण्यात उभं राहून हलवलेला आपलाच हात दिसला. थोड्या वेळानं तो उठला. तातेराव त्याला पुलापर्यंत सोडायला आला.

घरी पोचला तेव्हा वर्षाराणी दारात वाट पाहत होती. कुठं गेल्ता, म्हणून तिनं विचारलं. त्यानं खरं सांगितलं, तातेरावकडं. तिचा चेहरा उतरला. काय म्हणले ते, असं ती हळूच म्हणाली, आणि ते हळू म्हटलेलंही त्याला नीट ऐकू आलं.

"हाका न्हवत्या, म्हणला," रायभान म्हणाला. "लोकं उगंच बोलतेत. एकदम गेली, म्हणला. मशीन कानात आसती तरी काय झालं नसतं."

वर्षाराणीनं त्याच्याकडं पाहिलं. तिला पटलं की नाही ते त्याला कळलं नाही. ती आत गेली आणि ताट वाढून घेऊन आली. दोन घास खाऊन त्यानं ताट सरकवलं. तिनं आग्रह केला नाही.

मेंढरं विकून टाकायचं त्यानं स्वतःच ठरवलं. बदनापूरला चला, असं ओमप्रकाश म्हणत होता, आणि एकट्यानं कळप सांभाळणं होणार नव्हतं. पुढच्या आठवड्यात परतूरचा व्यापारी टेम्पो घेऊन आला. कातरणीही झाली नव्हती. मेंढरं अंगावरच्या लोकरीसकट चढली, काही धुतलेली, काही तशीच. ती रायभानच्या हाताखालून नेहमीसारखी सरळ गेली. टेम्पोच्या फाळक्यावर चढताना अडली ती एकच म्हातारी मेंढी. सुगंधाबाई तिला भाकरी चारायची. रायभाननं तिला उचलून आत ठेवलं.

टेम्पो गावाबाहेर पडला तसा तो मागं चालत फाट्यापर्यंत गेला. वळणाआड गाडी दिसेनाशी झाली. मेंढरांचं ओरडणं मात्र अजून येत होतं. मशीन कानात होती, आणि आता त्याला त्यातलं एकेक वेगळं कळत होतं, कुठली काळी, कुठली लंगडी. तो उन्हात उभा राहून ऐकत राहिला.