आईची नजर बाजूला का जायची

मी चष्मा. नाकावर बसतो म्हणजे दिसायला मदत करत असेन, असं समजू नका. माझ्या काचांना नंबरच नाही! माझं काम उलटं. माणूस कुठे बघतो, ते मी बघतो. माझ्या चौकटीत बारीक कॅमेरे आहेत, ते बुबुळांवर पाळत ठेवतात.

जन्म कारखान्यातला, नोकरी मात्र गिऱ्हाइकांच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्या कचेरीत. तिथे एक लुटुपुटूचं दुकान मांडलंय. लोक मला घालून खरेदी करतात, आणि नजर कुठे अडली ते पडद्यावर दिसतं. काय एकेक नमुने! "मी आधी किंमत बघतो," असं छातीठोकपणे सांगणाऱ्या गृहस्थांनी किमतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "गोड? छे, कधीच सोडलं!" म्हणणाऱ्या मावशी चॉकलेटपुढून हलेनात. आमच्या प्रमुख बाई हसून म्हणायच्या, "बोलण्यावर जाऊ नका, डोळ्यांकडे बघा." मला त्यांचा केवढा अभिमान!

एकदा मला पुसता पुसता बाई सहकाऱ्याला म्हणाल्या, "आई हल्ली माझ्याकडे बघून बोलतच नाही रे. मी वेगळं घर केलं, त्याचा राग. मीही जाणं कमी केलंय."

काही दिवसांनी ठरलेलं गिऱ्हाईक आलं नाही. सहकारी म्हणाला, "आईंना बोलवा ना, त्या निमित्ताने भेट होईल." बाईंच्या आई, म्हणजे माझ्या लेखी आजी, आल्या.

चहाच्या एका कंपनीने आपलं लाल पाकीट हिरवं केलं होतं. लोक गोंधळतात का, ते बघायचं होतं. त्याआधी मला डोळ्यांशी जुळवून घ्यावं लागतं.

"आई, भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघ."

"बघतेय की!"

कसलं काय! बुबुळं ठिपक्याच्या बाजूला. पुन्हा सांगितलं, पुन्हा बाजूला. मग आजी फळीपाशी गेल्या आणि लाल पाकीट उचलून म्हणाल्या, "हा बघ माझा चहा."

अहो, तो धुण्याचा सोडा होता!

सगळे हसले. बाई म्हणाल्या, "चष्मा बिघडलाय."

मी थक्क! कोणाच्या बोलण्यावर न जाणाऱ्या बाई आईच्या "बघतेय की"वर गेल्या आणि खोटा ठरलो मी? असा संताप आला म्हणता! तेवढ्यात सहकाऱ्याने मला स्वतःच्या डोळ्यांवर चढवलं. नजर ठिपक्यावर बरोबर जुळली.

"बाई, चष्मा ठीक आहे," तो हळूच म्हणाला.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पाकीट पुढे धरून त्यांनी विचारलं, "आई, यावर काय लिहिलंय?"

आजींनी पाकीट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "मधलं दिसत नाही गं. कडेचं तेवढं दिसतं. सांगितलं असतं तर एकटीला राहू दिलं असतंस मला?"

"अगं, मला वाटलं तू रागावलीस! माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतीस."

"रागावू कशाला? सरळ बघितलं की तुझ्या तोंडाच्या जागी नुसता डाग. जरा बाजूला बघितलं की दिसतेस. तुला बघायलाच तिकडे बघते मी."

बापरे! हजारो नजरा वाचलेल्या बाई मटकन खालीच बसल्या आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडल्या. मीही सुन्न.

आजींवर उपचार चालू आहेत. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं टिकेल असं डॉक्टर म्हणतात. कचेरीत नवे चष्मे आले. मी आता खोक्यात पडून असतो. तो धक्का मात्र अजून ओसरलेला नाही. म्हणून जाता जाता एवढीच विनवणी. घरातलं कोणी तुमच्याकडे न बघता बोलू लागलं, तर रुसण्याआधी जवळ जाऊन विचारा हो, "मी दिसतेय ना तुला?"