प्रेमिलाबाई भांडेनाशा झाल्या

बकरीने कुरडया खाल्ल्या. सगळ्या नाही, खाटेच्या एका अंगाच्या खाल्ल्या आणि उरलेल्या तुडवल्या. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत मार्तंडराव हातात काठी घेऊन राखणीला बसले होते आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला होता. जाग आली ती कुरुमकुरुम आवाजाने. त्यांनी काठी उगारली तोवर बकरी शेपटी हलवत फाटकाबाहेर गेली होती.

आवाज ऐकून प्रेमिलाबाई बाहेर आल्या. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चीक काढायचा, तो शिजवून घोटायचा, आणि मग साच्यातून एकेक कुरडई पाडायची, एवढी सगळी मेहनत त्या खाटेवर चुरा होऊन पडली होती. मार्तंडरावांनी मान खाली घातली आणि वाट पाहू लागले. आता आभाळ कोसळणार.

प्रेमिलाबाईंनी तुकडे पदरात गोळा केले. "असू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "बकरीच्याही पोटातच गेल्या. तुम्ही आत चला, ऊन येऊन राह्यलं."

भर वैशाखात मार्तंडरावांचे हातपाय गार पडले.

का पडले, हे कळायला त्या दोघांचा संसार माहीत हवा. प्रेमिलाबाईंच्या तोंडाची कीर्ती महाल वस्तीतल्या त्या गल्लीच्या दोन्ही टोकांना होती, आणि मार्तंडराव तर आवाजाचीच भाकर खात. संत्रा मार्केटात ते ढिगाऱ्याशी उभं राहून बोली पुकारत. त्यांनी पुकारलेली बोली म्हणे मालगाडीच्या शिट्टीवरूनही ऐकू यायची. अशी दोघं एका घरात. भाजीत मीठ कमी पडलं तर भांडत, आणि बरोबर पडलं तर ते कोणामुळे बरोबर पडलं यावरून भांडत. भांडण झालं की चहा होई. मुलगी सुहासिनी अभ्यासाला बसे ती या आवाजातच. घर शांत असलं की तिचं लक्ष लागत नसे.

माघात मृग बहाराच्या संत्र्यांची आवक जोरात असताना, एक दिवस बोली पुकारता पुकारता मार्तंडरावांचा आवाज घशातच अडकला. छातीवर कोणी पेटारा ठेवावा तसं झालं, डावा हात जड झाला आणि ते खाली पसरलेल्या तणसावर बसले ते त्यांना उचलूनच न्यावं लागलं. हृदयविकाराचा झटका होता. दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा होळी होऊन गेली होती.

निघताना डॉक्टरांनी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं होतं. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, तिखट बंद, जिना नाही, थोडं थोडं चालायचं. आणि मग म्हणाले होते, "बाई, तुम्ही जरा आत या." दार लोटलं गेलं. प्रेमिलाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा धुऊन ठेवलेल्या पाटीसारखा कोरा होता.

त्या दिवसापासून त्या भांडल्या नव्हत्या. एकदाही नाही.

मार्तंडरावांनी त्याचा अर्थ लावला तो असा : डॉक्टरांनी हिला काहीतरी सांगितलंय. आपले दिवस भरत आलेत. भिवापूरला त्यांच्या काकांचं तसंच झालं होतं. काकूंनी जन्मभर काकांना बिडी ओढू दिली नव्हती, पण शेवटच्या दिवसांत त्या स्वतः पेटवून त्यांच्या ओठांत देत. तेव्हाच साऱ्या गावाने ओळखलं होतं. जाणाऱ्याशी कोण भांडतं?

सरळ विचारून टाकायचं, तर तेही होईना. विचारलं आणि तिने सांगितलं तर? शिवाय त्यांनाही ताकीद होतीच, जिवाला त्रास करून घ्यायचा नाही. म्हणून ते जे मनात येईल ते गिळत. राग गिळला की भूक जाई, भीती गिळली की झोप जाई. सारखे मनगटावर बोटं ठेवून नाडी बघत बसत. ठणठणीत असताना ज्या माणसाचा श्वास कोणी ऐकला नव्हता, त्याचा आता उसासासुद्धा घरभर मोजला जात होता.

बकरीच्या प्रकरणानंतर त्यांनी ठरवलं, परीक्षा घ्यायची. चपला घालून ते सरळ स्वयंपाकघरात गेले, पाटावर बसले. प्रेमिलाबाईंनी चपलांकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले, आणि ओलं फडकं घेऊन फरशी पुसली. दुसऱ्या दिवशी जेवताना मार्तंडरावांनी याहून मोठा बाण काढला.

"उमरेडच्या लोकायले साधं वरणसुद्धा करता येत नाही."

उमरेड म्हणजे प्रेमिलाबाईंचं माहेर. एरवी एवढ्यावर चार दिवस भांडण पुरलं असतं. सुहासिनीचा घास हातातच राहिला.

"खरं हाय," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "आणखी भात देऊ का?"

मार्तंडरावांनी ताट बाजूला सारलं.

आणि एक गोष्ट. रोज सकाळचं आटोपलं की प्रेमिलाबाई बाहेर जात आणि परत येत तेव्हा डोळे लाल भडक. विचारलं तर एकच उत्तर, "प्रयागबाईकडे गेली होती. तिखट कांडायले." दोन गल्ल्या पलीकडे प्रयागबाईंचं मिरची कांडायचं यंत्र होतं, तिथून येणाऱ्या बाईचे डोळे लाल असणारच. पण एकदा घरात कोणी नसताना मार्तंडरावांनी फडताळ उघडलं. तिखटाच्या दोन्ही बरण्या गळ्यापर्यंत भरलेल्या, वर फडकं बांधलेलं. वर्षाचं तिखट चैत्रातच झालं होतं. त्यांच्यामुळे घरात आता तिखट खातंय कोण? मग ही रोज कोणती मिरची कांडते?

दुसऱ्या दिवशी प्रेमिलाबाई बाहेर पडल्या आणि थोड्या वेळाने मार्तंडरावही निघाले. डॉक्टरांनी गल्लीच्या टोकापर्यंत चालायला सांगितलं होतं. ते टोक ओलांडून पुढे गेले, भिंतीला हात लावत, थांबत थांबत.

पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी मुसळं धाडधाड वरखाली होत होती. हवा लाल झाली होती. भिंतीकडेने बाया ओळीने बसून मिरच्यांचे देठ खुडत होत्या, नाकावर पदर, डोळ्यांतून धारा. त्यांच्यात प्रेमिलाबाई होत्या. त्यांच्या नाकावर मात्र पदर नव्हता. बाकीच्या बायांचे फक्त डोळे रडत होते. प्रेमिलाबाईंचे खांदेही रडत होते.

मार्तंडराव दारातच उभे राहिले. म्हणजे खरंच आहे तर. ही आपल्यासाठी आत्तापासूनच रडून घेतेय.

मागे वळून निघून जावं असं त्यांच्या मनात आलं, पण तेवढ्यात शिंक आली. साधी नव्हे, मार्केटातली. पाठोपाठ दुसरी, मग तिसरी. मग ते दाराची चौकट धरून शिंकतच राहिले. प्रयागबाईंनी धावत जाऊन यंत्र बंद केलं. "अवं प्रेमिलाबाई, मार्तंडभाऊ आले!"

प्रेमिलाबाई उठल्या. मांडीवरच्या मिरच्या जमिनीवर सांडल्या.

"तुम्ही? इथं? मिरचीत?"

"मी म्हणलं..." शिंक. "...पाहून यावं..."

"काय पाहून यावं? अक्कल हाय का जराशी! डॉक्टरनं जिना चढू नोका सांगतलं, आन तुम्ही दोन गल्ल्या तुडवत उन्हात येऊन ठसक्यात उभे! डोक्यावर दुपट्टा नाही, कोणाले सांगणं नाही! लेकरापेक्षा लेकरू झाले तुम्ही! परवा चपला घेऊन चुलीजवळ, काल माह्या माहेराले नाव ठेवता! वरण करता येत नाही? माह्या आईच्या हातचं वरण दोन दोन वाट्या कोण पेत होतं? मरायची एवढीच घाई असन तर..."

आणि त्या थांबल्या. दोन्ही हात तोंडावर गेले. चेहरा पांढराफटक. शेडमध्ये कोणी हलेना. सगळ्या बाया मार्तंडरावांकडे बघू लागल्या, जणू आता भिंत पडणार.

मार्तंडराव उभेच होते. त्यांनी आणखी एकदा शिंकून घेतलं.

"थांबली काहून?" ते म्हणाले. "बोल ना."

"छातीत... छातीत काही होऊन राह्यलं का जी?"

"छातीत काही नाही. जे हाय ते नाकात हाय." मग त्यांचा आवाज खाली आला. "एक विचारतो. खरं सांग. त्या दिवशी डॉक्टरनं तुले आत बोलावून काय सांगतलं? किती दिवस उरले माह्ये?"

"कायचे दिवस?"

"तू भांडत नाहीस. इथं येऊन रडतेस. मले समजत नाही का?"

प्रेमिलाबाईंनी कपाळावर हात मारला. "दिवसाचं कोणी काही बोललं नाही वो! डॉक्टर म्हणाले, यांच्या जिवाला जपा, राग येऊ देऊ नका. बस, एवढंच. मी घरी येता येता विचार केला, यायले राग कोण आणते? मीच ना. माह्या तोंडातून एक शब्द जास्तीचा गेला आन तुमचं काही झालं, तर मीच मारलं ना मंग तुम्हाले! लोकं म्हणोत नाही तर न म्हणोत, मीच मले म्हणन. मंग मी तोंडच शिवून टाकलं."

"आन रडायले इथं?"

"घरी रडली असती तर तुम्ही पाह्यलं असतं. इथं सारेच रडतेत. कोणी विचारत नाही."

"विचारलं नाही, पण मले समजलं होतं," प्रयागबाई म्हणाल्या. "फुकटात देठ खुडायले कोण येते वं? मी म्हणलं, येऊ दे. तिचंही मन हलकं होऊन राह्यलं, माह्यंही काम होऊन राह्यलं."

एक बाई फिसकन हसली, मग दुसरी. मार्तंडरावही हसले. मार्केटात हमाल पाठीवरचा पेटारा उतरवतो आणि ओझं गेलं तरी क्षणभर तसाच वाकून राहतो, तसे ते वाकून चौकटीशी राहिले आणि मग मिरचीच्या पोत्यावर खाली बसले. हसता हसताच त्यांना रडू फुटलं. माघापासून अडवून धरलेलं सगळं आलं. बायांनी माना खाली घातल्या आणि देठ खुडायला घेतले. मिरचीच्या शेडमध्ये रडणाऱ्या माणसाकडे बघायची रीत नसते. प्रेमिलाबाई मात्र शेजारी बसल्या आणि पदराने त्यांचं नाक पुसत म्हणाल्या, "डोळ्याले हात नोका लावू, मिरची हाय."

दोघं बाहेर पडली. रोग काही कुठे गेला नव्हता; थोडं चालताच मार्तंडरावांना धाप लागली आणि ते एका दुकानाच्या पायरीवर टेकले. छातीत धडधडत होतं. एरवी त्यांनी ते गिळलं असतं.

"मले भेव लागून राह्यलं," ते म्हणाले.

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्यांनाच नवल वाटलं. बोलून टाकलेली भीती तेवढीच राहिली, वाढली नाही.

"मलेही लागते," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "रोज." मग जरा थांबून, "आता डॉक्टरकडे गेलो तर दोघंही आत जाऊ. मी एकटी नाही ऐकणार. सारं विचारू. बोलायचं किती, भांडायचं किती, सारंच."

"विचारू."

"आन आता पैदल नाही जायचं. रिक्षा करू."

"एवढ्याशा रस्त्याले रिक्षा? मी काय म्हातारा हाव?"

"नाही तर काय, नवरदेव?"

"माह्ये पाय धड हायेत अजून!"

"पाय धड हायेत, डोकं कुठं हाय?"

आवाज चढत गेला. आपला आवाज चढतोय हे मार्तंडरावांच्या ध्यानात आलं. ते थांबले, दोन श्वास घेतले आणि पुन्हा, जरा खालच्या पट्टीत, पण मागे न हटता बोलू लागले. प्रेमिलाबाईही थांबल्या, त्यांचा श्वास खाली बसू दिला आणि मग आपली बाजू पुढे नेली. समोरचा पानवाला हातातलं पान तसंच धरून ऐकत होता. एक सायकल रिक्षावाला केव्हाचा येऊन उभा होता. त्याने घंटी वाजवली.

"बाई, भांडण संपलं असन तर बसा ना जी."

"संपलं नाही," प्रेमिलाबाई म्हणाल्या, आणि मार्तंडरावांच्या दंडाला धरून त्यांना आधी वर चढवलं.