एकदाच धावले, कायमची अडकले

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. आडनाव मायग्रेशन. संगणकात राहते म्हणून अंगावर धूळ बसत नाही, पण म्हातारपण कुणाला चुकलंय!

दातांच्या एका दवाखान्याची वेबसाइट आहे. पेशंटांची माहिती तिच्या डेटाबेसमध्ये रकान्यांत ठेवलेली असते. नवा रकाना हवा असला की माझ्यासारखी छोटी फाइल लिहितात. माझ्या वाट्याला फोन नंबरचा रकाना आला. मला लिहिलं एका चष्मेवाल्या ताईने. दवाखान्यात मी पहिल्या फटक्यात चालले, तेव्हा ती म्हणाली, "शहाणं गं माझं बाळ!" मग कधी ढुंकूनही पाहिलं नाही. माणसांचं कौतुक असंच. काम होईपर्यंत व्याजासकट, नंतर मुद्दलही बुडीत.

आम्ही एकदाच चालतो. चाललं की डेटाबेस 'ही झाली' अशी खूण करतो आणि पुन्हा दारात उभं करत नाही. काढूनही टाकता येत नाही, कारण माझ्यानंतरची फाइल माझा पदर धरून उभी असते आणि मी आधीचीचा. मधल्यामध्ये कोंडलेली.

एकदा दवाखान्याला औषधांच्या ॲलर्जीचा रकाना हवा झाला. ताईने नवी फाइल लिहायची सोडून मलाच उघडलं. "एका ओळीसाठी कशाला नवा संसार?" म्हणत तो रकाना माझ्या पोटात कोंबला. स्वतःच्या संगणकावर तिने डेटाबेस पुसून पहिल्यापासून उभा केला, म्हणून तिथे मीही नव्याने चालले आणि सगळं झकास झालं.

सकाळी हे सगळं दवाखान्यात पोचलं. तिथल्या डेटाबेसने माझं नाव वाचलं, जुनी खूण पाहिली आणि मला ओलांडून गेला. पोटात काय आहे ते कोण बघतो! रकाना तयारच झाला नाही, आणि वेबसाइट तोच मागत बसली. एकाही पेशंटचं पान उघडेना.

दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मावशींचा फोन आला. "अहो, खुर्चीत आजोबा बसलेत, गालाचा भोपळा झालाय. कुठलं तरी औषध त्यांना सोसत नाही, पण नाव आठवत नाही. जुन्या शेऱ्यात लिहिलंय. पान बघितल्याशिवाय डॉक्टर इंजेक्शन देत नाहीत!"

"माझ्याकडे तर चालतंय हो," ताई म्हणाली.

"मग आजोबांना तुमच्याकडेच पाठवू का?"

रकाना माझ्या पोटात आहे, असं मी जीव तोडून ओरडत होते. पण चालवल्याशिवाय आम्हाला वाचा नसते.

शेजारच्या टेबलावरचा दादा खुर्ची सरकवत आला. "जुन्या मायग्रेशनला हात लावलास?"

"एकच ओळ रे."

"पोचलेल्या पत्राची घरची नक्कल आज सुधारलीस, तर पलीकडच्याला ती ओळ कशी दिसेल गं?"

ताई गोरीमोरी झाली. तिने ती ओळ काढून मला होते तसं केलं, रांगेच्या शेवटी नवी फाइल लिहिली आणि दवाखान्यात चालवली.

"उघडलं!" फोनवर मावशी किंचाळल्या. "अगं बाई, डॉक्टर, नेहमीचं इंजेक्शनच चालत नाही की यांना!"

ताईने कपाळावरचा घाम पुसला आणि नव्या फाइलीला म्हणाली, "शहाणं गं माझं बाळ!"

तेच शब्द. ती बिचारी हुरळून गेली. उद्या तिचाही पदर कुणीतरी धरेल, तेव्हा कळेल.

मित्रांनो, नवं काही हवं असेल तर नवी फाइल लिहा. आमच्या पोटात कोंबू नका, आम्हाला रांगेतून ओढू नका. आम्ही जागच्या हलत नाही, म्हणून तुमचं पान उघडतं.