वरच्या कप्प्यातला वाटा

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. एका दाराचा, मरून रंगाचा, आणि सध्या माझ्या पोटात पापड, आमसुलं आणि जुन्या लग्नपत्रिकांची एक पिशवी आहे. ज्याने वीस वर्षं दूध-दही सांभाळलं, त्याने म्हातारपणी लग्नपत्रिका सांभाळाव्यात हे मला मुळीच पसंत नाही. पण माझं दार उघडलं तरी आता आतला दिवा लागत नाही, तेव्हा माझी नाराजी कोणाला दिसणार? म्हणून तुम्हाला सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, आतून पांढरा रंग दिला, पाठीला काळी जाळी बसवली आणि पोटात गॅस भरला. तो गॅस म्हणजे माझा जीव. तिथल्या एका कामगाराने शेवटी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला खोक्यात घातलं. पुढे टेम्पोत बसून मी मुंबईत नाहूरला आलो.

इमारतीला लिफ्ट नव्हती. लवू परब आणि त्यांच्या मंडळातल्या तिघांनी मला तिसऱ्या मजल्यावर चढवलं. लवू आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागले. त्यांची बायको शेवंती आणि आठ वर्षांची मुलगी श्रुतिका दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता वायर जोडतील. पण ही कोकणातली माणसं. लवूंनी आधी माझ्यापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या घरात फ्रीज इलो हा. तेका खंयची नजर लागू नये. तेच्यात ठेवलेला अन्न नासू नये. ह्या लेकराबाळांका उपाशी ठेवू नको रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," शेवंती आणि श्रुतिका एका सुरात म्हणाल्या. मग कुठे वायर जोडली. मी घरघर सुरू केली. श्रुतिका म्हणाली, "बाबा, तो पण होय म्हाराजा म्हणाला." सगळे हसले. त्या दिवसापासून मी त्या घरचा झालो.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. आमच्या मजल्यावर पहिला फ्रीज मीच, म्हणून शेजारच्या मालनबाई रोज बर्फ मागायला येत. कोणाकडे पूजा असली की दुधाच्या पिशव्या माझ्या भरवशावर असत. श्रुतिकाला मात्र माझा वरचा कप्पाच आवडायचा, जिथे बर्फ होतो तो. त्याच्या भिंतींवर पांढरी भुरभुर जमायची. ती शाळेतून आली की खुर्चीवर चढून चमच्याने ती भुरभुर खरवडायची, वाटीत घेऊन वर कोकम सरबत ओतायची. थोडी तळहातावर घेऊन फुंकर मारायची.

"आई, हे बघ. स्नो पडला."

"दार लाव आधी," शेवंती ओट्यावरून ओरडायची. "स्नो म्हणे. सगळी थंडी भायर जाता."

नाहूरमध्ये बर्फ पडला तो एवढाच. तो मी पाडला, याचा मला अजून अभिमान आहे.

श्रुतिका शिकली, मोठी झाली आणि कॅनडाला गेली. शिक्षण संपल्यावर तिथेच नोकरीला लागली. ओटा माझ्या अगदी समोर. शेवंती फोन मिक्सरला टेकवून ठेवायची, त्यामुळे रोज संध्याकाळी मलाही लेक दिसायची. आमच्याकडे चहाची वेळ, तिच्याकडे सकाळ. खिडकीबाहेर सगळं पांढरं. गाड्या पांढऱ्या, झाडं पांढरी, समोरच्या घराचं छप्पर पांढरं. मी जी भुरभुर चमचाभर करायचो, ती तिथे कोणी पोत्यांनी ओतत होतं. खरं सांगतो, मी थोडा खट्टू झालो.

त्या पांढऱ्या हिवाळ्यातही तिने आपला संसार मांडला होता. हीटरवर ती पायमोजे वाळत घालायची आणि गरमागरम पायात चढवायची. म्हणायची, याच्यासारखं सुख नाही. रविवारी पेज करायची, लोणच्याची फोड तोंडात धरून खिडकीशी बसायची. खाली मुलं बर्फाचा बाहुला करत. त्यांच्या बाहुल्याला नाक नव्हतं म्हणून तिने एकदा वरून गाजर टाकलं. तेव्हापासून ती मुलं तिला हात करू लागली. एके दिवशी तिने खिडकी उघडून दाखवली. बाहेरच्या कट्ट्यावर दुधाची बाटली आणि दह्याचा डबा.

"आई, थंडीत मला फ्रीज लागतच नाही. बाहेरच ठेवते सगळं."

शेवंती खूप हसली. मी हसलो नाही.

पण रोज फोन ठेवताना शेवंती एक प्रश्न विचारायची. "थंडी किती आसा गो?"

आणि श्रुतिका रोज एकच उत्तर द्यायची. "आहे थोडी."

फोन बंद झाला की शेवंती माझ्याकडे यायची. वरचा कप्पा उघडायची आणि हात आत घालून उभी राहायची. मनगटापर्यंत, कधी कोपरापर्यंत. बोटं बधिर झाली की हात काढून पदरात गुंडाळायची. पहिल्या दिवशी मला काही कळलं नाही. मग कळलं. आपली लेक केवढ्या थंडीत राहते, हे ती बघत होती. मित्रांनो, त्या दिवसापासून मी माझ्यात होती नव्हती ती सगळी थंडी तिच्या हातासाठी बाजूला ठेवू लागलो.

या घरात आणखी एक रीत होती. जो घरात नाही त्याचा वाटा काढून ठेवायचा. लवू रात्रपाळीला असले तर त्यांचा, श्रुतिका सहलीला गेली तर तिचा. ती परदेशी गेली तरी रीत थांबली नाही. गणपतीतले दोन मोदक, फणसाचे चार गरे, सुरमईच्या दोन तुकड्या, सगळं पिशवीत बांधून वरच्या कप्प्यात. डिसेंबरात येईल तेव्हा खाईल, असं म्हणायचं. तिला रजा मिळाली नाही की ते सगळं आपणच संपवायचं आणि पुन्हा नव्याने साठवायला लागायचं.

तीन वर्षांपूर्वी लवू शिमग्याला गावी गेले आणि ओले काजू घेऊन आले. श्रुतिकाचा जीव ओल्या काजूंच्या उसळीवर. लवूंनी स्वतः बसून एकेक गर सोलला, पिशवीत भरला, आणि श्रुतिकाच्या जुन्या कंपासपेटीतलं जांभळं स्केचपेन शोधून एका चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं. ती चिठ्ठी पिशवीच्या गाठीत बांधली.

"ह्यो वाटो श्रुतिकाचो," त्यांनी शेवंतीला बजावलं. "हात लावूचो नाय कोणी."

त्या डिसेंबरात श्रुतिका आली नाही. जानेवारीत लवू गेले. सकाळी चहा पिऊन टेकले ते उठलेच नाहीत. श्रुतिकाची कागदपत्रं तिकडच्या कचेरीत अडकली होती, तिला देश सोडता येईना. तिने बापाला शेवटचं पाहिलं ते मिक्सरला टेकवलेल्या फोनमधून. ती जाड कोट घालून बसली होती आणि एक शब्द बोलत नव्हती. मीही घरघर करायचं थांबवावं असं मला फार वाटलं, पण ते माझ्या हातात नव्हतं.

त्यानंतर शेवंतीने मोदक ठेवले, गरे ठेवले, वेळच्या वेळी संपवले. काजूंची पिशवी मात्र तिथेच राहिली. इथेच एक चूक झाली. माझ्यासारख्या जुन्या फ्रीजला मधूनमधून बर्फ उतरवायला लागतो. एक बटण असतं, ते दाबलं की बर्फ हळूहळू वितळतो आणि कप्पा मोकळा होतो. पण बटण दाबलं तर काजूही वितळणार. म्हणून शेवंतीने बटण दाबलंच नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली. भुरभुरीचा थर झाला, थराचा दगड झाला. पिशवी त्यात गाडली गेली. फक्त चिठ्ठीचं टोक बाहेर होतं. कप्प्याचं दार नीट लागेना. मला धाप लागायची.

"अगं शेवंती, बटण दाब की एकदा," मालनबाई सांगायच्या. "फ्रीज आहे का गुहा?"

"चेडू इला की दाबतंय."

आणि गेल्या डिसेंबरात लेक खरंच यायला निघाली. रजा मंजूर, तिकीट काढलेलं. शेवंतीने घर पुसलं, पडदे धुतले. देवासमोर उभी राहून एकटीनेच गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, माझा चेडू सुखरूप घराक येऊ दे रे म्हाराजा." पाठोपाठ होय म्हणणारं घरात कोणी नव्हतं. नेमकी तेव्हाच माझी घरघर सुरू झाली. तिने वळून माझ्याकडे बघितलं आणि डोळे पुसले.

श्रुतिका दोन दिवसांनी पहाटे पोहोचणार होती. पहिल्या जेवणाला बापाने ठेवलेल्या काजूंची उसळ करायची, हे शेवंतीने तीन वर्षं मनाशी धरलेलं. दुपारी ती पिशवी काढायला आली. ओढून बघितली, निघेना. कोमट पाणी शिंपडलं, हलेना. उलथण्याने ठोकलं, टवका निघाला तेवढाच. बटण दाबून वाट बघायची तर सगळंच वितळणार, आणि तिला काजू जसे होते तसे हवे होते. शेवटी तिने मासे कापायची सुरी आणली.

सुरीचे पहिले घाव बर्फावर बसले. पाचवा माझ्यावर बसला.

फार दुखलं नाही. फुस्स असा आवाज झाला आणि माझा जीव त्या बारीक भोकातून निघून गेला. शेवंती सुरी हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने भांडुपच्या सुयोगला फोन केला. तो फ्रीज दुरुस्त करतो. त्याने आत बॅटरी मारून बघितलं.

"काकी, सुरी लावली ना? वाट लागली याची. भोक बुजवेन, पण टिकणार नाही. आता याला सोडा."

तो गेला. बर्फ वितळू लागला होता. संध्याकाळपर्यंत पिशवी आपोआप सुटून शेवंतीच्या हातात आली. सुरीची गरजच नव्हती. चिठ्ठीवरचं नाव ओघळून जांभळं पाणी तिच्या बोटांवर आलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. श्रुतिकाच्या खिडकीत काहीच दिसत नव्हतं, काचेपर्यंत नुसता बर्फ.

"आई," ती म्हणाली, "रात्रभर वादळ होतं गं. विमानतळ बंद केलाय. आजचं विमान रद्द झालं. पुढचं मिळतंय ते आठवड्याने, आणि तोपर्यंत माझी रजाच संपते."

शेवंतीने जांभळी बोटं पदराला पुसली.

"आई, बोल ना काहीतरी."

"तू घरात आसस ना? मग झाला. हीटर चालू आसा?"

"आहे. मे महिन्यात बघते मी. नक्की बघते." तिने नाक पुसलं. "तू काय करतेयस?"

शेवंतीने हातातल्या पिशवीकडे बघितलं. काजू मऊ पडू लागले होते. "उसळ करतंय. ओल्या काजूंची."

"बाबांनी ठेवलेल्या?"

"हय."

मग श्रुतिका म्हणाली, "कर. मी फोन ठेवत नाही. आणि आई, तू खा. माझा वाटा तू माझ्यासमोर खा."

शेवंतीने खोबरं वाटलं, फोडणी दिली. श्रुतिका तिकडे चहाचा कप धरून बसून राहिली. फ्रीज मेला, हे शेवंतीने तिला सांगितलं नाही. ताट वाढून ती फोनसमोर बसली आणि पहिला घास घेतला.

मित्रांनो, ते काजू तीन वर्षं माझ्याजवळ होते. त्यांची चव कधीच गेली होती, ते चामट झाले होते आणि त्यांना बांगड्याचा वास लागला होता. हे मला ठाऊक होतं आणि त्या घासाला शेवंतीलाही कळलं.

"कशी झालीय गं?"

"झकास," शेवंती म्हणाली. "तुझो बापूस आसतो तर दोन वेळा घेतल्यान आसतो." आणि तिने ताटातला शेवटचा काजू संपेपर्यंत मान वर केली नाही.

आता फेब्रुवारी आहे. नवा फ्रीज लेक आली की तिच्या पसंतीने घ्यायचा, असं शेवंतीने ठरवलं आहे. म्हणून मी अजून जागेवर आहे. माझ्या दारावर चुंबकाने एक चिठ्ठी लावली आहे. तिच्यावर जांभळा डाग आहे, नाव नाही.

साठवण्याचं काम मी इमानाने केलं. पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. तुमच्या घरच्या फ्रीजचा बर्फ वेळच्या वेळी उतरवा. साचलाच तर सुरी लावू नका, दार उघडं ठेवून थोडं थांबा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी लांब बर्फाच्या गावी राहायला गेलं, तर एवढं लक्षात ठेवा.

शेवंती रोज संध्याकाळी अजून विचारते, थंडी किती आसा गो. श्रुतिका अजून म्हणते, आहे थोडी. फोन बंद होतो. शेवंती सवयीने माझा वरचा कप्पा उघडते, पापडांच्या वरून हात आत घालते आणि उभी राहते. हाताला काहीच लागत नाही. तेव्हा मित्रांनो, आईने विचारलं तर नीट सांगा. किती थंडी आहे, बोटं कुठवर बधिर होतात, सगळं सांगा. तिला दुसरीकडून कळायची सोय नाही.