रावजीच्या मोडक्या पायाचं अपील

कुंभारी गावातल्या बांधावरचं चिंचेचं झाड सिद्धनाथचं, असा निकाल सोलापूरच्या कोर्टानं दिला आणि शेजारच्या रावजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अपील करायचं त्यानं तिथंच ठरवलं. पण त्याआधी उरल्यासुरल्या चिंचा उतरवाव्यात म्हणून तो झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. नडगी मोडली.

पंचक्रोशीत हाडं बसवणारा माणूस एकच, तो म्हणजे सिद्धनाथ. त्यानं कुरकुरत रावजीला आपल्या घरी उचलून नेलं, पाय ओढून कामट्या बांधल्या आणि बजावलं, "हाड सांधंपतुर खाट सोडायची न्हाय." रावजीनं सोडली नाही. अपिलाची मुदत त्या खाटेवरच उलटून गेली.

पाय बरा झाल्यावर तो वेणीमाधव वकिलांकडे गेला. वकील उशीर माफ करण्याचा अर्ज लिहू लागले. "झाडाचं नाव काढू नकोस. निकाल धाब्यावर बसवलास असं होईल. बैलगाडीतून पडलो म्हण."

"गाडीतनं पडाय मी काय ल्हान पोर हाय?" रावजी म्हणाला. "माज्या झाडावरनं पडलो."

वकिलांनी कपाळाला हात लावला आणि नुसतंच 'पडलो' लिहिलं.

जिल्हा कोर्टात सिद्धनाथचे वकील उठले. "पाय मोडलाच नव्हता, साहेब. साधी मुरगळ होती. माझे अशील स्वतः हाडवैद्य आहेत, विचारा त्यांना."

रावजीनं मान खाली घातली. सिद्धनाथ नुसतं 'व्हय' म्हणाला तरी झाड गेलं.

सिद्धनाथ उभा राहिला आणि आपल्याच वकिलांकडे रागानं बघू लागला. "मुरगळीला मी माणूस खाटंवर ठेवतो व्हय? नडगीचं दोन तुकडं हुतं, साहेब. दुसऱ्या कुनाच्यानं बसलं नसतं. रावजी, चालून दाव की."

रावजी दारापर्यंत जाऊन परत आला. जरासुद्धा लंगडला नाही. जज्जसाहेबांनी त्याला पुन्हा एकदा चालवलं, मग उशिराला पुरेसं कारण आहे असं सांगून अपिलाला परवानगी दिली.

"झाड घालवाल," वकील सिद्धनाथला म्हणाले.

"झाडाचं बगू. पर मुरगळ म्हनल्यावर मला कोन इचारनार?"

रावजी आणि सिद्धनाथ एकाच गाडीतून आले होते. बाहेर येऊन बैल जुंपतात तोच कोर्टाचा शिपाई धावत आला आणि सिद्धनाथला म्हणाला, "साहेबांनी आत बोलावलंय. त्यांचा खांदा धरलाय."

सिद्धनाथ पागोटं नीट करून आत गेला. रावजी गाडीत एकटाच राहिला. सिद्धनाथच्या हाताला किती गुण आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि अपिलाची त्याला पहिल्यांदाच काळजी वाटू लागली.