सहाव्या पेल्याचं बूड

बूडबघ्या हे नाव त्याला कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण चिकटलं ते चिकटलंच. तो जुन्या काचेची पारख करायचा आणि भांडं हातात आलं की आधी उलटं करून पाहायचा. एकदा तर कुणाच्या घरी त्याने चहाने भरलेला कप उलटा केला, यजमानांची सतरंजी भिजवली आणि वर कप काही जुना नाही असंही सांगून आला. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही, यात त्यांचा काय दोष?

असा हा माणूस, पण वहिनीच्या कपाटातले सहा पेले त्याने चोपन्न वर्षांत एकदाही उलटे केले नव्हते. आज ते करावे लागणार होते.

दादा जाऊन चार महिने झाले होते. वहिनी घर आवरून लेकीकडे राहायला निघाली होती, आणि माहेराहून आणलेले ते हिरवट पेले तिने गावातल्या लहानशा संग्रहालयाला द्यायचे ठरवले होते, दादाच्या नावाने. दादाने जन्मभर भट्टीवर काच फुंकली, तेव्हा त्याचं नाव काचेजवळ राहावं, एवढंच तिचं मागणं. संग्रहालयाची अट होती की पेले कधीचे आणि कुठले हे पारख्याने सहीनिशी लिहून द्यावं. आणि आसपास पारखी म्हणजे हा एकटाच.

त्याला हे काम नको होतं, आणि त्याला कारण होतं.

आईवडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता, दादा एकवीसचा. त्याच वर्षी वहिनी लग्न होऊन आली आणि नाक पुसायची अक्कल नसलेल्या दिराला पहिल्या दिवसापासून ‘भाऊजी’ आणि ‘तुम्ही’ म्हणू लागली. तो नऊ वर्षांचा असताना, घरात कुणी नाही असं पाहून खुर्चीवर चढला, एक पेला काढला आणि मोठ्या माणसासारखं त्यातून पाणी प्यायला. ठेवताना पेला निसटला. तुकडे त्याने परसात पुरले आणि दोन दिवस घास घशाखाली उतरेना. आठवड्याने धीर करून कपाट उघडलं, तर पेले सहाच! तीनदा मोजले. शेवटी त्याने मनाची समजूत घातली की मुळात सात असतील, आपणच मोजायला चुकलो असू. पुढे जन्मभर काटेकोरपणाचा धंदा केला, पण त्या मोजणीकडे काही तो पुन्हा फिरकला नाही.

हे झालं लहानपणीचं. खरा सल वेगळाच होता. वीस वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने भट्टीवर जुन्या घाटाचे बारा पेले करून घेतले आणि दोनशे वर्षांचे म्हणून विकायला काढले. ते पारखीला याच्याकडे आले. काठाची गोलाई पाहताच त्याने दादाचा हात ओळखला. बुडं तर घासून घासून जुनी केली होती. त्याने अहवालात फुंकणाऱ्याचं नाव लिहिलं आणि खाली ‘फसवणूक’ असा शब्दही लिहिला. भट्टीच्या मालकाने दादाला त्याच आठवड्यात घरी बसवलं.

दादा एकदाच त्याच्या दारात आला होता. म्हणाला, “मी पेले फुंकले. जुने आहेत असं मी कुणाला सांगितलं नव्हतं.”

“मग बुडं कुणी घासली? तुला घासता येत नाही का?”

दादा त्याच्याकडे पाहत राहिला. काही बोलला नाही, आणि गेला. त्यानंतर दोघा भावांत शब्द नाही. दादाच्या शेवटच्या दिवशीसुद्धा हा सगळ्यांच्या मागे उभा होता, परक्यासारखा.

वहिनीने टेबल खिडकीशी ओढलं होतं, वर टॉवेलाची घडी घातली होती. ती समोर बसून डबे पुसत होती. त्याने भिंग काढलं आणि पहिला पेला उलटा केला.

पेला सुरेख होता. काचेत राईएवढे बुडबुडे, आणि फुंकताना फिरवल्यामुळे थोडे लांबट झालेले. तळाच्या मधोमध खडबडीत व्रण. पेला फुंकून झाला की तळाशी लोखंडी सळई चिकटवून तो पेलतात आणि काठ नीट करतात. मग सळई झटक्याने तोडली की हा व्रण उरतो. बैठकीची कड खाली दुमडलेली, जुन्या लोकांची पद्धत. आणि कडेवर ओरखडे. कुठे खोल, कुठे पुसट, वाटेल त्या दिशेने गेलेले. दीडदोनशे वर्षं माणसांनी पेला उचलला, ठेवला, सरकवला, त्याची ही नोंद. रंग नदीकाठच्या वाळूचा, म्हणजे डोंगरापलीकडच्या जुन्या भट्ट्यांचा माल.

“खरे आहेत, वहिनी,” तो म्हणाला. त्याला हायसं वाटलं.

दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. सगळे तसेच. मग त्याने सहावा उलटा केला आणि त्याचा हात थांबला.

बुडबुडे कमी होते. हिरवा रंग हुबेहूब, पण तो वाळूचा नव्हता, मुद्दाम मिसळलेला होता. टिचकी मारली तर बाकीच्यांहून बारीक आवाज. आणि कडेवरचे ओरखडे एकसारखे, गोल गोल, एकाच दिशेने फिरलेले. कुणीतरी बसून घासलेलं बूड. काठाची गोलाई पाहायची गरज नव्हती, तरी त्याने पाहिली. दादाचाच हात.

त्याने पेला टॉवेलवर ठेवला. आता खरं लिहायचं म्हणजे संग्रहालयात दादाच्या नावाखाली दादाचीच नक्कल मांडायची. एकदा त्याने भावाचं नाव कागदावर आणून त्याची भाकरी घालवली होती. आता तो मेल्यावर दुसऱ्यांदा?

“सहावा सापडला वाटतं,” वहिनी डबा पुसता पुसता म्हणाली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मी तुकडे उकरले होते, भाऊजी. परसात माती भुसभुशीत दिसली म्हणून.” ती थोडी हसली. “तुम्ही जेवत नव्हता. मी म्हटलं, बोलू का भाऊजींशी? तर हे म्हणाले, नको, पोराला आईबाप नाहीत, त्याला आपल्यापुढे अपराधी नको वाटायला. जेवणाच्या सुट्टीत भट्टीवर बसून फुंकले. रंग जमेना. सात फोडले, आठवा जमला. मग घरी आणून मागच्या पायरीवर ओली वाळू टाकून दोन संध्याकाळी घासत बसले. मी चेष्टा केली, अहो, नऊ वर्षांचं पोर बूड बघणार आहे होय!”

त्याला हसता आलं नाही.

“मग त्या व्यापाऱ्याचे?”

“ते त्यांनी नाही घासले.”

“मी विचारलं होतं, वहिनी. दारात उभा होता. नाही म्हणाला असता तर—”

“तुम्ही विचारलंत, घासता येत नाही का. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. येतं म्हटलं असतं, तर कधी आणि कशासाठी घासलं ते सांगावं लागलं असतं.”

त्याच्या पिशवीत एक जुना फोटो होता. व्यापाऱ्याच्या पेल्याचं बूड, मोठं करून काढलेलं. खोटी झीज कशी ओळखावी, हे शिकवायला तो वीस वर्षं तोच फोटो लोकांना दाखवत आला होता. त्याने तो सहाव्या पेल्याशेजारी ठेवला आणि भिंग लावलं.

फोटोतले ओरखडे सरळ होते, पॉलिश पेपरचे. आणि घासणाऱ्याने सगळं बूड घासलं होतं, मधला खोलगट भाग आणि सळईचा व्रणसुद्धा. तो भाग टेबलाला कधी टेकतच नाही, हे भट्टीवरच्या कुणालाही कळतं. दादाने फक्त कड घासली होती, जिथे खरा पेला झिजतो तेवढीच. व्रणाला हातही लावला नव्हता. व्यापाऱ्याचं काम अडाण्याचं होतं. शिकाऊ पोरानेही एका नजरेत सांगितलं असतं. पण तेव्हा त्याने काठ पाहिला, भावाचा हात ओळखला, आणि रागाच्या भरात पुढचं पाहिलंच नाही. जगाची बुडं पाहणाऱ्याला घरचंच तेवढं दिसलं नव्हतं. शरमेने त्याचे कान तापले, आणि मग तो टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. वहिनीने त्याला रडू दिलं. पेले मात्र तिने आधी बाजूला सरकवले.

बऱ्याच वेळाने त्याने कागद घेतला. पाच पेल्यांचं त्याने नेहमीसारखं लिहिलं. मग खाली लिहिलं:

‘सहावा पेला बावन्न वर्षांपूर्वीचा, याच गावच्या भट्टीतला. फुंकणारा माझा थोरला भाऊ. बूड त्यानेच घासलं, धाकट्या भावाला आपली चूक कळू नये म्हणून. व्यापाऱ्याच्या बारा पेल्यांची बुडं त्याने घासलेली नाहीत. त्या वेळचा माझा अहवाल चुकीचा होता. तपासायच्या आधीच मी निकाल दिला होता.’

सही केली, तारीख घातली आणि कागद वहिनीपुढे धरला. तिने चष्मा लावून सावकाश, ओठ हलवत वाचला.

“बरोबर आहे ना?” त्याने विचारलं.

“बरोबर आहे.” तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “हा आधी लिहिला असतात, तर मी वाचून दाखवला असता. भट्टीने त्यांचे डोळे नेले होते, भाऊजी. ऐकायला मात्र शेवटपर्यंत येत होतं. दार वाजलं की विचारायचे, कोण आलंय बघ.”